स्टेपनी

मोठी मशीन मे महिन्यातच आजारी पडते.
बरोबर तेव्हाच, जेव्हा कारखान्यातून
खाकी चड्ड्यांचे गठ्ठे येऊन पडतात दारात
आणि मालक फोनवर, "शाळा काय
तुझ्यासाठी थांबणार आहेत का, अनसूया?"

म्हणून कुंभार वेशीपलीकडच्या बोळात
रेवणसिद्धच्या उंबऱ्याशी मी, दुपारी दोनला,
सोलापुरात कुत्रंही सावली सोडत नाही अशा वेळी.
त्याच्या बापाची मशीन. काळी.
सोनेरी वेल अंगभर, फक्त तळवा टेकायचा
तेवढ्या जागेतून पुसून गेलेली.

"अठराशे."
"एक पाय लंगडा आहे हिचा."
"मग घडी घाला पुठ्ठ्याची. बापानं तीस वर्षं घातली."
वाकून पाहिलं तर खरंच होती घडी,
कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेची,
हळदीचं बोट अजून पिवळं.

चाक फिरवून कान लावला.
खडखड नाही, खोकला नाही.
म्हाताऱ्यानं सावकाश कडक भाकरी चावावी
तेवढाच आवाज.
चौदाशे पन्नासला तुटला सौदा.
नोटा मोजताना तो मध्येच थांबला, म्हणाला,
"खण उघडत नाही तिचा. मी लई ताकद लावली."
मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

घरी पोरगी म्हणाली, "एक असताना दुसरी कशाला?"
तिला काय सांगू.
माझी अम्मा विड्या वळायची,
तिच्या सुपात कायम दोन कात्र्या.
एक पानं कापायची,
दुसरी नुसती पडून असायची तंबाखूखाली,
आणि आम्ही पोरींनी हात लावला तिला
तर पाठीत धपाटा.

यादगिरीला मात्र लगेच पटलं.
टेम्पोवाला माणूस, टॉवेलच्या गाठी घेऊन
हैदराबादपर्यंत जाऊन येतो.
"स्टेपनी पाहिजेच," म्हणाला, आणि जेवायला बसला.

स्टेपनी.
खाली अडकवलेली, चिखलाच्या बाजूला,
पंक्चर होईपर्यंत जिची आठवण नाही कुणाला.
मला ठाऊक आहे ती जागा.
आठ वर्षं माझं नाव कारखान्यात
हजेरीच्या मागच्या पानावर होतं, "जादा बाया" खाली.
कुणी बाळंत झाली, कुणाचं सासर मेलं,
की निरोप यायचा, चल.
काम तेच. टीप तीच.
दिवाळीचा डबा मात्र पुढच्या पानापुरता.

रात्री साडेनऊला लाईट गेली.
मोठीची मोटार नेफ्याच्या मधोमध गप्प.
मेणबत्ती लावली, हिला तेल पाजलं,
पट्टा चढवला, आणि बसल्या बसल्या
केसातला आकडा घातला खणाच्या फटीत.
ताकद नकोच होती. जरा वर उचलायचा होता.

आत खडूचा तुकडा, चार काजबटणं,
एक दाढ, कुणाची देव जाणे,
आणि बॉबिन, अर्धी भरलेली, मरून दोऱ्याची.
कुठल्या शाळेचा मरून हा?
कुठल्या टाक्यावर उठला असेल म्हातारा,
येतो म्हणून?

दुसरी बॉबिन भरायला होती की.
पण मी तीच घातली.
खिशाचं आतलं अस्तर, वरून खाकी, खालून मरून,
मालकाचा चष्मा तिथवर पोचत नाही.
पाय चालू लागले. टाके पडत गेले,
बारीक, एकसारखे, मोठीला जमत नाहीत असे,
आणि खिशाच्या कोपऱ्याला वळताना
सुई नुसतीच भोकं पाडायला लागली.
संपला त्याचा दोरा.
तिथून पुढं माझा लावला. मध्ये गाठ मारली.
जूनमध्ये कुठलं तरी पोरगं
चिंचोके कोंबेल त्या खिशात,
लागली बोटाला तर लागली.

तेवढ्यात लाईट आली.
बटण चालूच राहिलं होतं बहुतेक,
मोठी मशीन कोपऱ्यात घूं करून जागी झाली.
"आई, आली लाईट," पोरगी झोपेतून.
मेणबत्ती फुंकली मी.
पण उठले नाही.
म्हटलं, हिच्यावर अजून एक चड्डी होऊ दे.